पर्सी स्पेन्सर : लहरींवर अन्न शिजविणारा कारागीर

ज्या शोधकांचीं चरित्रें शाळेंत वाचलीं जातात, त्यांत वाफेच्या यंत्राचा वॉट आहे, विजेच्या दिव्याचा एडिसन आहे आणि बिनतारी संदेशाचा मार्कोनीहि आहे. परंतु ज्या मनुष्याच्या शोधामुळें आज पुष्कळ घरांत सकाळचें दूध तापतें आणि रात्रीची उरलेली भाजी ऊन होते, त्याचें नांव विचारलें असतां वर्गांतील हुशार विद्यार्थीहि गप्प बसतात. मायक्रोवेव्ह नांवाची ती पेटी स्वयंपाकघरांत येऊन बसली, आणि तिच्या मागोमाग तिच्याविषयींच्या नाना प्रकारच्या समजुतीहि आल्या. कोणी म्हणतो, तींतील अन्न विषारी होतें. दुसरा कोणी तिला खेळणें समजून तींत वाटेल तें भांडें वाटेल तसें ठेवतो. आमच्या मतें या दोन्ही प्रकारच्या चुकांवर उपाय एकच. ती पेटी कोणीं, कशांतून आणि काय जाणून निर्माण केली हें समजून घ्यावें. म्हणून यंदा आम्हीं पर्सी लेबॅरन स्पेन्सर याचें चरित्र निवडलें आहे.

स्पेन्सरचा जन्म १८९४ सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं अगदीं ईशान्येकडील मेन संस्थानांत, हौलंड या आडगांवीं झाला. मेन म्हणजे अरण्यांचा, नद्यांचा आणि कडक थंडीचा मुलूख. तेथल्या पुष्कळ माणसांचें पोट लांकडावर चालावयाचें. लांकूड तोडावें, नदींतून वाहून आणावें, गिरणींत चिरावें, किंवा त्याचा लगदा करून कागद बनवावा, हाच व्यवसाय. पर्सी दीड वर्षाचा असतांना त्याचे वडील वारले. पुढें लवकरच त्याच्या आईनें त्याला एका नातलग पतिपत्नींच्या हवालीं केलें आणि ती निघून गेली. त्या घरीं त्याला आसरा मिळाला, पण तोहि पुरता टिकला नाहीं. तो सात वर्षांचा होतो न होतो तोंच त्याला बापाच्या ठिकाणीं असलेला तो गृहस्थहि मरण पावला. घरांत एक विधवा बाई आणि एक पोर, अशी स्थिति उरली.

अशा मुलाची शाळा किती दिवस चालणार? प्राथमिक इयत्ता पुऱ्या होण्यापूर्वींच ती सुटली. वयाच्या बाराव्या वर्षीं तो रिळांच्या गिरणींत कामाला लागला. सूत गुंडाळण्याचीं लांकडी रिळें तेथें तयार होत असत. सूर्योदयाला गिरणींत शिरावें आणि सूर्यास्ताला बाहेर पडावें, असा क्रम चार वर्षें चालला. विटांच्या भट्टीवर किंवा चहाच्या दुकानांत राबणारीं त्याच वयाचीं मुलें आमच्याकडेहि कोणीं पाहिलीं नाहींत असें नाहीं. आणि त्यांतल्या बहुतेकांचें पुढें काय होतें हें शिक्षकाला सांगावयास नको. स्पेन्सरचेंहि तेंच व्हावयाचें होतें.

तो सोळा वर्षांचा असतांना त्याच्या कानीं आलें कीं, जवळच्या एका कागदाच्या गिरणींत वीज आणावयाची आहे. त्या रानांत विजेचें काम जाणणारा मनुष्य मिळणें त्या काळीं कठीण. स्पेन्सरलाहि तें काम ठाऊक नव्हतें. परंतु मिळेल तेथून त्यानें विजेविषयीं माहिती गोळा केली, आणि गिरणीनें ज्या तिघांना वीज बसविण्याच्या कामावर घेतलें त्यांत हा एक झाला. पाहत, चुकत, पुन्हां करीत तो शिकला, आणि काम पुरें होईपर्यंत चांगला वीजकामगार बनला.

येथें आम्हांस थोडें थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. स्पेन्सरचें उदाहरण पुढें करून कोणी विद्यार्थी शाळा सोडण्याचें समर्थन करूं लागेल, तर तें आम्ही ऐकून घेणार नाहीं. शाळा त्यानें सोडली नव्हती. ती त्याच्या हातून हिरावली गेली होती. आणि ती उणीव भरून काढण्यासाठीं त्याला पुढें जे कष्ट उपसावे लागले, ते बांकावर बसून धडा ऐकणाऱ्या मुलाला स्वप्नांतहि करावे लागत नाहींत.

१९१२ च्या एप्रिल महिन्यांत टायटॅनिक हें प्रचंड जहाज हिमनगावर आदळून बुडालें. त्यावरील बिनतारी यंत्र चालविणाऱ्या दोघां तरुणांनीं अखेरपर्यंत मदतीची हांक दिली, आणि ती ऐकून कार्पेथिया जहाज धांवून आल्यामुळें सातशेंहून अधिक माणसें वांचलीं. ही हकीकत वाचून स्पेन्सरला बिनतारी विद्येचा ध्यास लागला. त्याच वर्षीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, तो ती विद्या शिकावयास मिळावी म्हणून अमेरिकेच्या नौदलांत दाखल झाला. नौदलानें त्याला यंत्र शिकविलें. बाकीचें त्याचें तो शिकला. रात्रीं पहाऱ्यावर उभा असतांना तो पाठ्यपुस्तकें वाची. त्रिकोणमिति, चलनकलन, पदार्थविज्ञान, रसायन, धातुशास्त्र हे सारे विषय त्यानें असेच पुरे केले. त्याला परीक्षा नव्हती आणि पदवीहि नव्हती.

पहिलें महायुद्ध संपल्यावर तो बॉस्टनकडे आला आणि १९२० नंतरच्या दशकांत केंब्रिज येथील एका नव्या कंपनींत नोकरीस लागला. हें केंब्रिज इंग्लंडांतलें नव्हे, मॅसॅच्युसेट्स संस्थानांतलें. १९२२ सालीं निघालेली ही कंपनी पुढें रेथिऑन या नांवानें जगप्रसिद्ध झाली. रेडिओंत लागणाऱ्या निर्वात नळ्या ती बनवीत असे. कांचेच्या नळींतील हवा काढून टाकून तींतून विजेचे कण धांवावयास लावणें, आणि त्यांच्याकडून हवें तें काम करून घेणें, ही या धंद्यांतील सर्व विद्या. स्पेन्सरचा हात या कामावर असा बसला कीं, १९३९ च्या सुमारास या क्षेत्रांतील अग्रगण्य जाणकारांत त्याची गणना होऊं लागली आणि कंपनीच्या शक्तिशाली नळ्यांच्या विभागाचा तो प्रमुख झाला. विद्यापीठांतील पंडितांना अमुक गोष्ट होणें शक्य नाहीं हें पुस्तकांवरून ठाऊक असे. स्पेन्सरला तें ठाऊक नसल्यामुळें तो ती करून दाखवी, असा विनोद त्याच्याविषयीं केला जाई. विनोद खरा असो वा नसो, त्याच्याभोंवतीं पंडितांचा गराडा असे एवढें खरें.

इतक्यांत दुसरें महायुद्ध आलें. १९४० च्या फेब्रुवारींत इंग्लंडांतील बर्मिंगहॅम विद्यापीठांत रॅन्डॉल व बूट या दोघां संशोधकांनीं मॅग्नेट्रॉन नांवाच्या नळीचा एक नवाच प्रकार तयार केला. तांब्याच्या जाड ठोकळ्यांत मध्यें एक मोठें भोंक आणि त्याभोंवतीं लहान पोकळ्या कोरलेल्या. मधून विजेचे कण निघावयाचे, चुंबकाच्या जोरानें वळसा घेऊन त्या पोकळ्यांच्या तोंडांवरून जावयाचे. बाटलीच्या तोंडाशीं फुंकर घातली असतां बाटली जशी घुमते, तशा या पोकळ्या घुमतात. मात्र त्यांतून नाद न निघतां सुमारें दहा सेंटिमीटर लांबीच्या विजेच्या लहरी मोठ्या जोरानें बाहेर पडतात. रेडिओच्या लहरी कित्येक मीटर लांब असतात, त्या मानानें या फारच आंखूड, म्हणून यांना मायक्रोवेव्ह, म्हणजे सूक्ष्म लहरी, म्हणतात. अशा आंखूड लहरींचा अभ्यास आमच्याच देशांत कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास केला होता, हें आमच्या वाचकांनीं विसरूं नये; परंतु त्या वेळीं इतका जोर देणारी नळी कोणापाशीं नव्हती. या लहरी विमानावर किंवा पाणबुडीच्या पाण्याबाहेर डोकावणाऱ्या नळीवर आपटून परत येतात, आणि त्यांवरून अंधारांतहि शत्रूचें ठिकाण कळतें. हेंच रडार.

इंग्लंडनें आपली ही गुप्त नळी १९४० च्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या हवालीं केली. अडचण अशी कीं, ती मोठ्या संख्येनें बनविणें फार कठीण होतें. अखंड तांब्याचा ठोकळा केसभर चूक न होतां कोरावा लागे, आणि त्यासाठीं उत्तम कारागिराचा दिवसच्या दिवस जाई. स्पेन्सरनें नमुना घरीं नेऊन दोन दिवस त्याचा विचार केला असें सांगतात. त्यानें काढलेली युक्ति गिरणींत वाढलेल्या माणसाला शोभेशीच होती. ठोकळा कोरावयाचाच नाहीं. तांब्याच्या पातळ पत्र्यांतून हव्या त्या आकाराच्या चकत्या साच्यानें कापावयाच्या, एकावर एक रचावयाच्या आणि डाख देऊन एकजीव करावयाच्या. मग कुशल कारागीर नकोत; थोडें शिकविलेल्या माणसांकडूनहि काम होतें. या व अशा सुधारणांमुळें युद्ध संपत आलें तेव्हां दिवसाला २,६०० च्या घरांत मॅग्नेट्रॉन तयार होत होते. या कामगिरीबद्दल अमेरिकेच्या नौदलानें स्पेन्सरला सार्वजनिक सेवेचा मोठा बहुमान दिला. एके काळीं याच नौदलांत तो रात्रपाळीला पहारा देत असे.

आतां ज्या प्रसंगाकरितां त्याचें नांव राहिलें त्याकडे वळूं. १९४५ साल. स्पेन्सर कारखान्यांत चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा होता. त्याच्या खिशांत खाऊची एक वडी होती. कोणी ती चॉकोलेटची म्हणतात, कोणी शेंगदाण्याची. कांहीं वेळानें त्यानें खिशांत हात घातला तों वडी वितळून गेलेली. या लहरींजवळ ऊब लागते हें त्याच्यापूर्वींहि इतरांच्या ध्यानांत आलें होतें. इतकेंच नव्हे, तर १९३३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत लांब रेडिओलहरींवर खाद्यपदार्थ भाजून दाखविण्याचा प्रयोगहि झाला होता. मग स्पेन्सरचें विशेष काय? विशेष एवढेंच कीं, तो खिसा झटकून पुढें गेला नाहीं. त्यानें मक्याचे दाणे मागविले आणि नळीसमोर धरले. त्यांच्या लाह्या होऊन जमिनीवर उडाल्या. दुसऱ्या दिवशीं एका किटलीला भोंक पाडून तींत कच्चें अंडें ठेवलें आणि लहरी आंत सोडल्या. एक सोबती कुतूहलानें जवळ वांकून पाहूं लागला, तोंच अंडें फुटून त्याच्या तोंडावर उडालें.

या प्रयोगांत खरा शोध कोणता, असें विचारल्यास आम्ही ती किटली दाखवूं. उघड्यावर लहरी चोहोंकडे पसरतात. अन्नाला थोड्याच मिळतात आणि बाकीच्या जवळ उभ्या असलेल्या माणसाला. धातूच्या बंद पेटींत सोडल्या तर त्या भिंतींवर आपटून पुन्हां पुन्हां अन्नाकडेच येतात आणि बाहेर कोणाला लागत नाहींत. अन्न लवकर शिजणें आणि शिजविणारा सुरक्षित राहणें या दोन्ही गोष्टी त्या एका पेटीनें साधल्या. ८ ऑक्टोबर १९४५ रोजीं स्पेन्सरनें या पद्धतीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. पेटंट मिळालें तें २४ जानेवारी १९५० रोजीं.

१९४७ सालीं रेथिऑननें पहिली भट्टी विकावयास काढली. तिचें नांव रडारेंज. ती जवळजवळ सहा फूट उंच होती, वजन ३४० किलो, आणि नळी थंड ठेवण्यासाठीं तिला पाण्याचा नळ जोडावा लागे. किंमत हजारों डॉलर. ती हॉटेलवाल्यांनीं आणि आगबोटींनीं घेतली. गृहिणीला तिचा उपयोग नव्हता. १९५५ सालीं टॅपन कंपनीनें घरगुती भट्टी काढली, तिलाहि १,२९५ डॉलर पडत. पुढें जपानांत स्वस्त मॅग्नेट्रॉन तयार होऊं लागले, रेथिऑननें अमाना ही घरगुती यंत्रांची कंपनी विकत घेतली, आणि १९६७ सालीं ओट्यावर मावणारी ४९५ डॉलरची भट्टी बाजारांत आली. तेव्हांपासून ती घरोघर शिरली.

आतां ती काम कशी करते हें सांगतों; कारण धोका कोठें आहे आणि कोठें नाहीं हें त्यावरूनच कळतें. चुलीवर प्रथम भांडें तापतें आणि भांड्यापासून अन्न. लहरींच्या भट्टींत कांचेचें किंवा चिनी मातीचें भांडें लहरींना जाऊं देतें आणि अन्नांतील पाणीच तापतें. पाण्याच्या प्रत्येक रेणूला एक धन आणि एक ऋण टोंक असतें. लहर सेकंदाला २४५ कोटी आवर्तनें करते, रेणू तिच्यामागें वळूं पाहतो, शेजारच्यांवर आपटतो, आणि त्या धडपडींतून उष्णता निर्माण होते. याहून त्यांत गूढ कांहीं नाहीं. दिवा मालवतांच उजेड जातो, तशी कळ बंद करतांच लहरी नाहींशा होतात. अन्नांत त्यांचा अंश राहत नाहीं. क्ष-किरणांप्रमाणें अणूंतून इलेक्ट्रॉन उडवून देण्याची शक्ति या लहरींत नसल्यामुळें अन्न किरणोत्सर्गी होण्याचा प्रश्नच येत नाहीं.

दाराची गोष्ट निराळी. दाराच्या कांचेंत भोंकें असलेली धातूची जाळी असते. भोंकें एक-दोन मिलिमीटरचीं आणि लहर बारा सेंटिमीटरची, म्हणून उजेड बाहेर येतो आणि लहर आंत अडते. दार उघडतांच नळी बंद पडावी अशा एकाहून अधिक कळा त्याला असतात. अमेरिकेंत १९६८ सालीं यासंबंधीं कायदा झाला, आणि ऑक्टोबर १९७१ पासून बनणाऱ्या भट्ट्यांतून पांच सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटहून अधिक गळती होतां कामा नये असा नियम झाला. यावरून काय घ्यावयाचें तें उघड आहे. दार वांकलें, बिजागरी सैल झाली, जाळी फाटली किंवा कडेवर खरकटें सांठून दार नीट मिटेनासें झालें, तर भट्टी वापरूं नये.

खरा धोका बहुधा लहरींचा नसून उष्णतेचा आणि वाफेचा असतो. स्पेन्सरच्या सोबत्याचें अंडें आजहि घरोघर फुटतें. कवचांतील वाफेला वाट नसते. उकडून सोललेलें अंडेंसुद्धां पुन्हां ऊन करतांना, किंवा बाहेर काढून चावतांना, फुटूं शकतें. भरतासाठीं वांगें, किंवा बटाटा, टोमॅटो ठेवावयाचा तर त्याला प्रथम सुरीनें चार ठिकाणीं टोंचावें. झाकण घट्ट लावलेला डबा कधींहि ठेवूं नये. पाण्याचा तर याहून फसवा प्रकार आहे. स्वच्छ, गुळगुळीत पेल्यांत पाणी तापविलें तर तें उकळीच्या अंशापलीकडे जाऊनहि शांत दिसतें, आणि त्यांत चमचा किंवा चहाची पूड पडतांच एकदम उसळून हातातोंडावर येतें. म्हणून पाणी अधिक वेळ ठेवूं नये, त्यांत आधींच लांकडी चमचा घालून ठेवावा, आणि भट्टी थांबल्यावर पेला थोडा वेळ तेथेंच राहूं द्यावा.

दुसरी गोष्ट अशी कीं, लहरी अन्नांत दोन-तीन सेंटिमीटर शिरतां शिरतां क्षीण होतात, आणि पेटींतहि त्या सगळीकडे सारख्या नसतात. यासाठींच खालची ताटली फिरती असते. तरीहि भाताच्या ढिगाच्या कडा चटका देतात आणि मध्य थंडगार राहतो, हें पुष्कळांनीं अनुभविलें असेल. त्या थंड मध्यांत रोगजंतु जिवंत राहतात. उरलेलें अन्न पसरट भांड्यांत घ्यावें, सैल झांकावें, अर्ध्यावर ढवळावें, आणि सर्वत्र ७४ अंश सेंटिग्रेडपर्यंत, म्हणजे चांगली वाफ येईपर्यंत, तापवून मग दोन मिनिटें तसेंच राहूं द्यावें. गोठलेलें मांस किंवा मासळी कमी जोरावर सोडवावी, कारण बर्फ हळू तापतो आणि सुटलेलें पाणी झपाट्यानें. मांस एका बाजूनें शिजतें आणि दुसरीकडे दगड राहतें. तान्ह्या मुलाच्या दुधाविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. बाटली हाताला कोमट लागते आणि आंतील दूध जीभ भाजण्याइतकें कढत असतें. तें ऊन पाण्यांत बाटली उभी करूनच कोमट करावें.

भांड्यांचा प्रश्न आमच्या घरांत विशेष आहे, कारण आमचें स्वयंपाकघर म्हणजे स्टीलचे डबे, वाट्या आणि पातेलीं. धातु लहरींना आरशाप्रमाणें परत फिरवतो. त्यामुळें स्टीलच्या डब्यांतील भाजी नीट तापत नाहीं, आणि धातूच्या कडेवर किंवा टोंकांवर ठिणग्या उडतात. चांदीवर्खी पातळ कागद, कांटे-चमचे आणि सोनेरी कांठाच्या बशा यांत तर अधिकच. श्रीखंडाचे किंवा आइस्क्रीमचे रिकामे डबे जपून ठेवून त्यांतच अन्न तापविण्याची संवय पुष्कळांस आहे. हें प्लास्टिक उष्णतेसाठीं बनविलेलें नसतें. तें मऊ पडतें आणि त्यांतील द्रव्यें अन्नांत उतरूं शकतात. वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळून कांहीं ठेवूं नये. शाई अन्नाला लागते आणि कागद पेट घेतो. पापड या भट्टींत सुरेख फुलतो, पण तो क्षणाचा खेळ आहे. लक्ष चुकलें कीं काळा पडून पेटतो. आंत कांहीं पेटलेंच तर दार उघडूं नये. कळ बंद करून, तार भिंतींतून ओढून, ज्वाळा विझेपर्यंत स्वस्थ राहावें. तळणाचें तेल या भट्टींत कधींहि तापवूं नये, आणि रिकामी भट्टी तर चालवूंच नये, कारण घेणारें अन्न नसलें कीं लहरी नळीवरच उलटतात.

एक इशारा मोठ्या मुलांना, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. स्पेन्सर हातानें शिकला म्हणून त्याचें अनुकरण करावयास कोणी जुनी भट्टी खोलून बसूं नये. आंत एक विद्युत्संचय करणारें उपकरण असतें. तार काढून ठेवल्यावरहि त्यांत हजारों व्होल्टांचा दाब शिल्लक राहूं शकतो आणि तो जीव घेण्यास पुरेसा आहे. स्वतः स्पेन्सरनें असल्या नळ्यांना हात लावला तो वर्षानुवर्षें अभ्यास केल्यावर.

त्याच्या उत्तरायुष्यांत सांगण्यासारखें आहे तें थोडक्यांत सांगतों. तो रेथिऑनचा वरिष्ठ उपाध्यक्ष आणि संचालक झाला. त्याच्या नांवावर सुमारें ३०० पेटंटें झालीं. प्राथमिक शाळाहि पुरी न केलेल्या या माणसाला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठानें सन्मान्य डॉक्टर केलें, आणि अमेरिकेच्या कलाविज्ञान अकादमीनें त्याला सभासद करून घेतलें. ८ सप्टेंबर १९७० रोजीं, ७६ व्या वर्षीं, तो मरण पावला. ओट्यावरची भट्टी घरोघर जातांना त्याला तीन वर्षें पाहावयास मिळाली. पेटंटांचे सर्व हक्क कंपनीचे होते. लहरींवर अन्न शिजविण्याच्या शोधाबद्दल त्याला कंपनीकडून एकदांच दोन डॉलर मिळाले. तेथील प्रत्येक शोधकाला एका पेटंटामागें तेवढेच मिळत असत, आणि स्पेन्सरनेंहि तेवढेच घेतले. १९९९ सालीं अमेरिकेच्या शोधकांच्या राष्ट्रीय यादींत त्याचें नांव घालण्यांत आलें.